दुसरी नजर

साल एकोणीसशे अडुसष्ट. "पुन्हा केस," हे म्हणाले आणि त्यांनी ताट हातभर पुढे सरकवलं.

मी वाकून बघितलं. पांढराशुभ्र भात, त्यावर वाफ. केस कुठे दिसेना. ह्यांनी चिमटीत काहीतरी धरल्यासारखं केलं, चिमूट उजेडाकडे नेली, उघडली. रिकामी.

"आत्ता होता."

"अहो, मी डोक्याला फडकं बांधूनच रांधते आता."

"मग फडक्यातनं येतो म्हणायचा," कोपऱ्यातल्या खाटेवरून सासूबाई बोलल्या. "एवढं लांब दावं मिरवायचं कशाला मी म्हणते. गाय बांधायचीये का?" मग स्वतःच उठल्या, नाकावरचा जाड चष्मा नीट बसवला, ताटावर ओणवल्या आणि बराच वेळ बघून म्हणाल्या, "मला तर बाई काही दिसत नाही. आणि या भिंगांतनं मला मुंगीचे पाय दिसतात."

हे उठून हात धुवायला गेले. उपाशीच कामावर गेले. असं त्या महिन्यात बरेचदा झालं. दुधात केस, दह्यात केस, धुतलेल्या चादरीवर केस. मला वाटे, माझ्यातच काही खोट आहे.

आमचे हे चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात तपासनीस होते. लांबलचक शेड, एका बाजूला घासायची चाकं, त्यांवर फिरणारे चामड्याचे पट्टे, आणि सगळीकडे लाल पावडरीचा चिखल. घासणाऱ्यांच्या नखांत ती लाली जन्माची बसलेली असे. शेडच्या टोकाला काचेची खोली होती, तिथे हे बसत. तयार झालेलं प्रत्येक भिंग त्यांच्या डोळ्यांखालून जाई. पातळ भिंगं काळ्या कापडावर तिरप्या दिव्यात बघायची. मोतीबिंदू काढलेल्यांना लागतात ती जाड भिंगं मात्र तशी बघून भागत नसे. ती दुधी काचेसमोर उभी धरायची, मागून दिवा लावायचा. ठीक असलं तर डावीकडच्या खणात. चरा असला, बुडबुडा असला, तर तिथल्या तिथे लहान हातोडीनं फोडून पत्र्याच्या डब्यात. फोडायचं अशासाठी, की नापास माल चोरून बाहेर विकला जाऊ नये.

आणि एक नियम होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण तो मोडलेला कुणी पाहिला नव्हता. भिंग एकदाच बघायचं. दुसऱ्यांदा उचलायचं नाही. ह्यांना तो त्यांच्या आधीच्या म्हाताऱ्या तपासनिसाने शिकवला होता, आणि ह्यांनी नव्या येणाऱ्या प्रत्येकाला. "पहिल्या नजरेला काच दिसते," हे म्हणत, "दुसऱ्या नजरेला ती घासणारा दिसतो. मग त्याचं घर दिसतं, पोरं दिसतात. मग चरा दिसेनासा होतो." लोकांना ते पटायचं. ह्यांच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती ती याच कारणाने. त्याच शेडमध्ये घासायला असलेल्या मेहुण्याचं भिंगही त्यांनी असंच फोडलं होतं.

जाड भिंगं घासणारा एकच होता. त्याला सगळे भिंगरी म्हणत, कारण तो कधी एका जागी उभा राहत नसे. चाकावर बसला तरी एक पाय हलत असे. फक्त हात तेवढे स्थिर. जाड भिंगाला घाई चालत नाही, दोन-दोन दिवस एकावर हात फिरवावा लागतो. आमच्या सासूबाईंच्या नाकावरचा चष्मा त्याच्याच हातचा. आमच्याकडे आला की मोठ्याने हाक मारायचा, "आई, दिसतंय ना? की मी आणखी काळा झालो?" सासूबाई म्हणायच्या, "मेल्या, आधी अंधुक होतास तेच बरं होतं." त्याला ह्यांचं भारी कौतुक. "दादांच्या नजरेतनं देवसुद्धा पास व्हायचा नाही," असं अभिमानाने सांगायचा.

त्या वर्षी उन्हं चढायला लागली तशी त्याची भिंगं फुटायला लागली. आधी एखादं. मग रोज. पातळ भिंगं घासणाऱ्यांचं काही नव्हतं, त्यांचा माल पूर्वीसारखाच पास होत होता. फक्त भिंगरीचा नाही. तेव्हा सगळ्यांना वाटलं ते उघड होतं. कुणी म्हणालं हात गेला. कुणी म्हणालं पितो. तो चहासुद्धा फुंकून फुंकून पिणारा माणूस.

एक दिवस मी डबा घेऊन गेले तर तो काचेच्या खोलीत उभा होता. पाय हलत नव्हता.

"दादा, एकदा परत बघा."

"परत बघायचं नसतं. तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे हो. पण चरा असता तर माझ्या बोटाला लागला असता. मी अंगठा फिरवलाय त्याच्यावर."

"अंगठ्याला आपलं काम आवडतं रे. तो काय सांगणार?"

"बरं, कुठं आहे तेवढं तरी दाखवा."

"मधोमध. केसाएवढा. वाकडा." ह्यांनी हातोडी उचलली. आवाज लहानसाच झाला. भिंगरीने मान वळवली आणि मला दारात पाहून उगाच हसला. "वहिनी, दादांना भाजी जास्त वाढा. उपाशीपोटी मारतायत मला."

पंधरवड्यात त्याला काढलं. मालक वाईट नव्हता, पण नापास मालाचा डबा भरलेला त्याला रोज दिसत होता आणि तपासनिसावर त्याचा डोळे मिटून विश्वास होता. आमच्या गावात भिंगांचे दोन-चारच कारखाने. ह्यांनी नापास केलेल्या माणसाला दुसरीकडे कोण उभं करणार?

त्यानंतर भिंगरी एकदाच घरी आला, हे नसताना. रुमालात गुंडाळलेलं एक भिंग त्याने माझ्यापुढे धरलं. शेवटच्या दिवशीचं, तपासायला न दिलेलं.

"तुम्ही बघा वहिनी. काय दिसतं?"

मी दारातल्या उजेडात धरलं. समोरचं झाड केवढं तरी मोठं होऊन आत आलं. "काही नाही. स्वच्छ आहे."

"बघितलंत ना नीट?"

"बघितलं."

त्याने भिंग पुन्हा रुमालात गुंडाळलं, तान्ह्या मुलाला गुंडाळतात तसं, आणि गेला.

संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. म्हटलं, त्याचं भिंग मी बघितलं, त्यात काही नाही. ह्यांनी आवाज चढवला नाही. नुसतं म्हणाले, "तुला ताटातला केस दिसत नाही. तू भिंगातलं सांगणार?"

मला राग असा आला, की मी न्हाणीघरात गेले, कात्री घेतली आणि वेणी मुळापासून कापली. मग राहिलेलं कापलं. पोरासारखं डोकं घेऊन बाहेर आले. सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "अगं बाई! मी आपली बोलले, बोलायचं म्हणून." आणि रडायलाच लागल्या. हे बघत राहिले. रात्रीच्या जेवणात त्यांनी भातात बोट घातलं, थांबले, आणि मुकाट्याने जेवले. मला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. ते नुसतं सांगेनासे झाले होते.

आमच्या गल्लीच्या टोकाला बौद्ध भिक्खुणींचं एक लहानसं घर होतं. चार-पाच जणी राहत. थोरल्या होत्या त्यांना सगळे अय्या म्हणत. ह्यांच्या आईवडिलांपासून त्या घराशी संबंध होता, आणि तिथल्या सगळ्यांचे चष्मे हे विनामोबदला दुरुस्त करून देत. त्या आठवड्यात अय्यांचा चष्मा तयार झाला म्हणून आम्ही दोघं गेलो. माझं डोकं बघून अय्या म्हणाल्या, "अरे वा, आमच्यात यायचं ठरलं की काय?" एका धाकट्या भिक्खुणीने पांढऱ्या वाट्यांतून गरम दूध आणून ठेवलं.

ह्यांनी वाटी तोंडाला लावली आणि खाली ठेवली. सवयीने बोट बुडवलं.

"काय झालं?" अय्यांनी विचारलं.

"काही नाही. केस आहे."

अय्यांनी त्या धाकट्या भिक्खुणीकडे बघितलं. तिचं डोकं गुळगुळीत. दारातून दोघी डोकावत होत्या, त्यांचीही. अय्यांनी स्वतःच्या टकलावरून सावकाश हात फिरवला.

"कुणाचा?"

त्या पोरी हसल्या. मीही हसले असते. पण ह्यांचं तोंड पाहिलं. ते आधी माझ्या डोक्याकडे बघत होते, मग त्या सगळ्यांच्या. मग त्यांनी मान वर केली आणि चुन्याच्या पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं. नजर वरून खाली, वरून खाली अशी सरकवत होते. एकदा, दोनदा. काहीतरी भिंतीवरून खाली उतरत होतं, ते मला दिसत नव्हतं. मी त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखलं.

"मधोमध," ते म्हणाले. "वाकडा."

डोळ्यांचा डॉक्टर सज्जन होता, त्याने समजावून सांगितलं. डोळ्याच्या आत काचेसारखा नितळ गर असतो. त्यात तंतू धरतात. त्यांची सावली मागच्या पडद्यावर पडते आणि माणसाला वाटतं, समोर काहीतरी लोंबतंय. काळ्यावर ते दिसत नाही. पांढऱ्यावर, उजेडावर दिसतं. भात, दूध, चादर. दुधी काच. भिंग हातात धरून फिरवलं असतं तर कळलं असतं, की भिंग फिरतंय आणि चरा फिरत नाही. पण फिरवून, थांबून, पुन्हा बघायचं तर तीच दुसरी नजर झाली. पडदाही सुटत चाललाय, डॉक्टर म्हणाला. त्यावर त्या काळी फार काही करता येत नव्हतं.

घरी न जाता हे परत अय्यांकडे गेले. मी मागे होतेच. ह्यांनी सगळं सांगितलं. अय्या ऐकून म्हणाल्या, "आमच्यात फार जुनं उदाहरण आहे हे. डोळा बिघडलेल्या माणसाला भिक्षापात्रात केस दिसतात, तो निवडत बसतो. नितळ डोळ्याचा मित्र येतो. तो पात्र बदलत नाही, केस काढून टाकत नाही. नसलेलं काढणार काय? तो म्हणतो, डोळ्याला औषध घाल."

"म्हणजे चरा नव्हताच."

"नव्हता."

मग हे जे बोलले ते मला अजून आठवतं, कारण मला त्यांची तेव्हा लाज वाटली आणि दयाही आली. "पण अय्या, लहानपणापासून तुम्हा लोकांकडून ऐकत आलो. मुळात काहीच दिसतं तसं नाही. भिंगही नाही, फोडणाराही नाही. सगळं स्वप्नासारखं. मग त्या भिंगरीचं तरी काय गेलं?"

अय्यांनी नवा चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"स्वप्नात वाघ मागे लागला तर वाघ नसतो," त्या म्हणाल्या. "धाप लागते की नाही?"

"लागते."

"मग! स्वप्नासारखं म्हणजे काहीच झालं नाही, असं नव्हे. आणि एक सांगते. ज्याला हे खरोखर कळलं, तो आपल्या नोकरीला स्वप्न म्हणतो, दुसऱ्याच्या नोकरीला नाही."

मला त्यांच्या शिकवणुकीतलं निम्मं कळत नसे. एवढं मात्र कळलं. ह्यांनाही कळलं, कारण ते उठले तेव्हा वाकून नमस्कार करायला विसरले.

मालकाने ह्यांचं ऐकलं आणि आधी दार लावून घेतलं. "बोललात इथं ते बोललात. बाहेर नको. तुम्ही पास केलेला माल उद्या लोक परत आणून टाकतील."

"पास केलेल्यात दोष नाही. नापास केलेल्यात नव्हता."

"लोकांना तेवढा फरक कुणी समजवायचा? भिंगरीला मी परत घेतो. उद्यापासून. झालं? कारण कुणी विचारलं तर बघू."

"कारण मी सांगतो," हे म्हणाले. शेडमध्ये आले, पट्टे थांबवायला लावले, आणि सगळ्यांसमोर सांगितलं की त्याचा हात गेला नव्हता, माझा डोळा गेलाय. थोड्या वेळाने एका म्हाताऱ्या घासणाऱ्याने आपल्या चाकाचा पट्टा पुन्हा चालू केला, त्याच्यामागून बाकीच्यांनी. ह्यांनी हातोडी टेबलावर ठेवली आणि घरी आले. दारात म्हणाले, "चल. त्याच्याकडे जायचंय."

भिंगरीची खोली एका चाळीत, वरच्या मजल्यावर मागच्या बाजूला होती. त्याच्या बायकोने दार उघडलं. ह्यांना बघून तिने डोक्यापासून पायापर्यंत मोजून घेतलं आणि बाजूला झाली. "या. बसलाय आत. काय करतोय ते डोळ्यांनी बघा."

खिडकीपाशी पायाने फिरवायचं जुनं चाक होतं. त्यावर भिंगरी वाकलेला, नखं लाल. आम्हाला बघून उठला, हात पुसले, "आई बऱ्या आहेत ना?" विचारलं. मग कामाचं बोलावं तसं म्हणाला, "दादा, जातच नाही हो."

"काय जात नाही?"

"चरा. तुमचं बरोबर होतं. मधोमध आहे, वाकडा. वहिनींना दिसला नाही, मलाही आधी दिसत नव्हता. घरी येऊन चार दिवस बघत बसलो तेव्हा सापडला. तेव्हापासून काढतोय." त्याने चाकावरची वस्तू उचलून ह्यांच्या हातात ठेवली.

मी ती बघितली होती तेव्हा ते अंगठ्याएवढं फुगीर भिंग होतं. आता पातळ चकती राहिली होती. त्यातून समोरचं घर जेवढं होतं तेवढंच दिसत होतं. नसलेला चरा घासून काढता काढता त्याने भिंगाची साधी काच करून टाकली होती.

"पाण्याच्या पेल्यावर पण बोट फिरवतो," त्याची बायको म्हणाली. "आरशावर फिरवतो. काल माझ्या बांगडीवर."

ह्यांनी ती चकती खिडकीशी धरली. एकदा बघितली. खाली आणली. पुन्हा उचलली. एखादी काच दुसऱ्यांदा बघताना मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. चकती फिरवली, उलटी केली, दुसऱ्या डोळ्याने बघितली.

"नाही यात चरा. कधीच नव्हता. माझ्या डोळ्यात होता तो. डॉक्टरने सांगितलंय. मालक तुला उद्यापासून बोलावतोय."

भिंगरी हसला. अगदी पूर्वीसारखा. "राहू द्या दादा. तुम्ही दुसऱ्यांदा बघितलंत."

"अरे, म्हणूनच सांगतोय!"

"म्हणूनच. दुसऱ्या नजरेला माणूस दिसतो. माझी खोली बघितलीत, हिला बघितलंत, कळवळा आला. मला कळत नाही का? तुम्ही चांगले आहात."

"माझ्या डोळ्यात होता, सांगतोय ना तुला!"

"मग मला कसा दिसतो?"

त्याची बायकोच म्हणाली, "दादा, तुम्ही सांगितलेलं खरं मानायची सवय तुम्हीच लावलीत त्याला. आता खोटं कसं मानायचं तेही शिकवा की." ती ओरडत नव्हती. भांडी लावत लावत बोलत होती. भिंगरीने ह्यांच्या हातातून चकती घेतली, अंगठा फिरवला आणि मान हलवली. तेव्हा मला दिसलं की त्याचा हात थरथरतोय.

तरी तो दुसऱ्या दिवशी कामावर गेला. मालकाने शब्द पाळला. पण एकही भिंग तो हातावेगळं करीना. घासलेलं पुन्हा घासायचा. आठवड्याने स्वतःच पट्टा काढून ठेवला आणि निघून आला.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण पुढे सगळं थोडक्यातच होत गेलं. कारखाना बारा-पंधरा वर्षं चालला, मग प्लॅस्टिकची भिंगं आली आणि मालकाने शेड गोदामाला दिली. सासूबाई शेवटपर्यंत भिंगरीच्याच भिंगांतून बघत राहिल्या. त्या गेल्या तेव्हा चष्मा त्यांच्याबरोबरच दिला. अय्या एका सकाळी ध्यानाला बसल्या त्या उठल्या नाहीत. त्यांच्या मागे ते घर दुसऱ्या भिक्खुणींनी चालवलं. मी तिथे जाऊन बसते, अजून. शिकवणूक अजून निम्मीच कळते. भिंगरीच्या बायकोने शिवणकाम करून दोन मुली उजवल्या. माझ्याशी ती शेवटपर्यंत चांगली वागली, पण आमच्या घराची पायरी चढली नाही.

भिंगरी लाकडाच्या वखारीत दरवान झाला. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, ओंडके येत आणि जात. ह्यांचा एक डोळा वर्षभरात गेला, दुसरा पाच-सात वर्षांनी. नोकरी अर्थातच राहिली नाही. मी शाळेत स्वैपाकीण म्हणून लागले, त्यावर आमचं चाललं. ह्यांचा एकच नेम राहिला. दुपारी काठी घेऊन वखारीवर जायचं आणि भिंगरीशेजारी स्टुलावर बसायचं. कधी बोलत, बरेचदा नाही. एकदा मी विचारलं, काय बोलता हो तुम्ही? म्हणाले, "तो विचारतो, आज उजेड कळतोय का. मी सांगतो, थोडा." संध्याकाळी मोठा रस्ता भिंगरी त्यांना हाताला धरून ओलांडून द्यायचा. मी पलीकडे उभी असे. गाड्यांमधून ते दोघे येताना दिसत, एक चाचपडत, एक थरथरत, आणि कोण कुणाला आणतोय ते लांबून सांगता येत नसे.

भिंगरी ह्यांच्या आधी गेला. आता जाणं बंद करतील असं मला वाटलं होतं. पण ते जात राहिले. नवा दरवान स्टूल देई. परतताना ते रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहत आणि उजवा हात, भिंगरी धरायचा तोच, किंचित पुढे धरून ठेवत. मी पलीकडून हाक मारत नसे. कुणीतरी अनोळखी थांबे, त्यांचा हात धरे, आणि हे तोंड न वळवता त्याच्याबरोबर चालू लागत.